चर्चच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करताना : सभासदत्वाच्या दाखल्याविषयी आमच्या ग्राहकांसाठी

धर्मसेवा, समुपदेशन, समाजकार्य, रुग्णालयातील चॅप्लिनसी (म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्याचे काम) अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि त्यांसोबतची कागदपत्रे तपासून देण्याचे काम आम्ही करतो. बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असूनही अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत का आला, हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे वाटले. अर्ज कसा भरायचा, गुणपत्रिका कशा मागवायच्या, हे आपणांस ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे.

हा पैसा मुळात येतो कुठून, हे आधी लक्षात घ्यावे. चर्चचा शिष्यवृत्ती निधी बहुतांशी मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, दानार्पणातून आणि सभासदांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणग्यांतून उभा राहतो. युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट पंथाचेच उदाहरण पाहा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाळल्या जाणाऱ्या वर्ल्ड कम्युनियन संडेची (सगळ्या चर्चनी एकाच दिवशी प्रभुभोजन घेण्याची) प्रथा १९३३ साली पिट्सबर्गमधील एका प्रेस्बिटेरियन मंडळीत सुरू झाली आणि पुढे अनेक पंथांनी ती उचलली; मेथडिस्ट मंडळ्यांत त्या दिवशी जे विशेष दान जमा होते, त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. दान देणाऱ्याने ते आपल्या चर्चच्या माणसांच्या शिक्षणासाठी दिलेले असते, त्यामुळे अर्जदार खरोखर चर्चचा सभासद आहे की नाही, याची खातरजमा करणे निधीच्या समितीला भागच असते. याला कोणी कारकुनी अडवणूक म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही.

नेमकी चूक होते ती इथे. बाप्तिस्म्याचा दाखला एवढेच सांगतो की अमुक दिवशी अमुक व्यक्तीचा बाप्तिस्मा झाला. अर्जदार तान्हा असताना तो झाला असेल, तर त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल त्या कागदावर अक्षरही नसते. मेथडिस्ट नोंदवहीत बाप्तिस्मा झालेले सभासद आणि विश्वासाची जाहीर कबुली देऊन, म्हणजे दृढीकरण होऊन, पूर्ण सभासद झालेले, असे दोन वर्ग मानले जातात. या चर्चच्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांची अट अशी असते की अर्जदार अर्जाच्या आधी किमान १ वर्ष सक्रिय आणि पूर्ण सभासद असावा. इतर पंथांत शब्द आणि मुदत वेगळी असते, पण प्रश्न साधारण हाच असतो, आणि त्याचे उत्तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यात मिळत नाही.

मग पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, पत्र आणले जाते, आणि तेही पुष्कळदा चुकीचेच असते. ‘अर्जदारास मी लहानपणापासून ओळखतो, वागणूक उत्तम असून ते नियमितपणे उपासनेस येतात,’ असे पत्र नोकरीच्या अर्जाला शोभेल. समितीच्या हाती त्यातून काही लागत नाही. हवे असते ते असे : ‘अर्जदाराने अमुक तारखेस विश्वासाची जाहीर कबुली दिल्याची नोंद आमच्या सभासद नोंदवहीत आहे, आजही त्यांचे नाव सक्रिय सभासदांत आहे, आणि गेली काही वर्षे ते संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग घेतात.’ तारीख, नोंदवही, सद्यस्थिती आणि एखादे प्रत्यक्ष काम एवढे आले की पत्र चार ओळींचे असले तरी पुरते. खाली मंडळीचा शिक्का आणि सही करणाऱ्याचे पद मात्र हवेच.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेल्यांचा घोटाळा आणखी निराळा असतो. नव्या गावातील मंडळीत ते नियमित जातात, तिथले पाळकही ओळखीचे होतात, पण नाव अजून मूळ मंडळीच्याच नोंदवहीत असते. अशा वेळी दाखला मूळ मंडळीचाच लागतो, नव्या पाळकांचे पत्र फार तर पूरक म्हणून जोडावे. उलट ज्यांनी सभासदत्व रीतसर हलवले आहे, त्यांच्या नव्या दाखल्यावर बदलीचीच तारीख पडते आणि कागदावर ते नवखे सभासद दिसतात, म्हणून मूळ तारीखही पत्रात घालून घ्यावी. पाळकांच्या मुलामुलींनी तर विशेष सावध असावे, कारण अनेक निधींना नातेवाइकाच्या सहीचे पत्र चालत नाही. अशा वेळी दुसऱ्या कोणत्या अधिकाऱ्याची सही चालेल, हे निधीच्या कार्यालयाकडे लेखी विचारून घ्यावे.

पाळक होणार नसलेल्यांनी आपल्याला या शिष्यवृत्त्या मिळणारच नाहीत असे समजू नये. समाजकार्य, समुपदेशन, परिचर्या यांसाठीही काही निधी राखलेले असतात. मात्र तिथे खर्चाचा अंदाज लिहिताना फार चुका होतात. अमेरिकेतील मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) अभ्यासक्रमात किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य असते, आणि चॅप्लिनसाठी लागणाऱ्या क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे एक युनिट किमान ४०० तासांचे असते. एवढे तास रुग्णालयात किंवा संस्थेत घालवणाऱ्याला बाहेर काम करून कमावता येत नाही. ही घट अंदाजपत्रकात दाखवली नाही, तर समितीला गरज प्रत्यक्षापेक्षा कमी वाटते. अशा एका शिष्यवृत्तीत सगळा खर्च भागेल अशी अपेक्षाही ठेवू नये. युनायटेड मेथडिस्ट हायर एज्युकेशन फाउंडेशनच्या एका योजनेत स्थानिक मंडळीने विद्यार्थ्यासाठी रक्कम दिली की फाउंडेशन तिला जोड देते. तेव्हा आपल्या मंडळीच्या कमिटीकडे शब्द टाकण्यास संकोच करू नये. तसेच अमेरिकेत शुल्क आणि अनिवार्य पुस्तके यांवर खर्च झालेल्या शिष्यवृत्तीवर पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला आयकर नसतो, पण राहण्या-जेवण्यावर गेलेला भाग करपात्र ठरतो, हेही हिशेबात धरावे.

आता आमच्या पद्धतीविषयी थोडे. सभासदत्वाचा दाखला हाती आल्याशिवाय आम्ही पुढची फाइल उघडत नाही, यावर काहींचा राग असतो. परंतु निबंध तीनदा सुधारून, गुणपत्रिकांच्या प्रती साक्षांकित करून, शेवटच्या आठवड्यात दाखला अडला की सगळी मेहनत वाया जाते, आणि ज्या सचिवांकडे नोंदवही असते ते बहुधा स्वयंसेवक असल्यामुळे आपल्या घाईने त्यांचे काम लवकर होत नाही. पाळकांच्या नावाने पत्राचा मसुदा तयार करून देण्यासही आम्ही नकार देतो. पत्रात कोणते मुद्दे असावेत याचा अर्ध्या पानाचा कागद मात्र देतो, तो आपण त्यांना खुशाल दाखवावा. निबंधही आम्ही लिहून देत नाही. समितीतील लोक असे निबंध पुष्कळ वाचतात आणि वचनांची माळ लावलेला निबंध कोणाचा आणि स्वतःचे सांगणारा कोणाचा, हे त्यांना चटकन कळते. आपण लिहिलेले वाचून आम्ही प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांनीच निबंध सुधारतो असा आमचा अनुभव आहे. आमचे शुल्क तपासणीच्या कामाचे असते, मंजूर रकमेत आम्ही टक्केवारी घेत नाही; कारण ती रक्कम कोणाच्या तरी दानातून आलेली असते.

पहिल्या भेटीला येताना नोंदवहीतील तारखेसह दाखला, ज्या निधीसाठी अर्ज करायचा त्याचे चालू वर्षाचे नियमपत्रक आणि प्रवेशपत्र किंवा प्रवेशअर्जाची पोच आणावी. दाखला अजून मिळाला नसेल, तरी मुदतीला दोन महिने असताना नुसते विचारण्यासाठी येण्यास हरकत नाही. मुद्द्यांचा कागद आम्ही विनाशुल्क देतो, आणि तो मूळ मंडळीच्या सचिवांना टपालाने पाठवायचा असल्यास तेही करतो.