पॉइंट ऑफ व्ह्यू : इंग्रजी लेखनातील वापर

एखादी गोष्ट कोणाच्या जागेवरून पाहिली जात आहे हे सांगणारा इंग्रजी शब्दप्रयोग. यात जागेची कल्पना असल्याने त्याआधी 'फ्रॉम' येते. मराठी भाषकांच्या लेखनात मात्र 'इन माय पॉइंट ऑफ व्ह्यू' सर्रास आढळते. 'इन माय व्ह्यू', 'इन माय ओपिनियन' यांतले 'इन' इथे घुसते. मनात 'दृष्टिकोनातून' आले तर 'फ्रॉम' आणि 'माझ्या मते' आले तर 'इन माय ओपिनियन', एवढे धरून चालले की पुरते. 'माझ्या मते'साठी 'अकॉर्डिंग टू मी' लिहू नये. 'अकॉर्डिंग टू' दुसऱ्याच्या म्हणण्याचा हवाला देताना वापरतात.

हा शब्दप्रयोग शोभतो तो जागा बदलली की चित्र बदलते तिथे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. नाशिकच्या विद्यार्थ्याने त्यावर इंग्रजी निबंध लिहिताना 'फ्रॉम द ग्रोअर्स पॉइंट ऑफ व्ह्यू' म्हणून लासलगाव बाजार समितीतले पडलेले भाव मांडावेत, पुढच्या परिच्छेदात 'फ्रॉम द कन्झ्यूमर्स पॉइंट ऑफ व्ह्यू' म्हणून शहरातला स्वस्त कांदा. इथे षष्ठीचे चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) जपून द्यावे: शेतकरी एकच असेल तर ते 'एस'च्या आधी, अनेक असतील तर 'एस'च्या नंतर. उच्चार तोच राहतो, त्यामुळे वाचून ही चूक कानाला कळत नाही. 'दिंडोरी परिसरातील द्राक्ष बागायतदार' असा लांबलचक कर्ता असेल तर चिन्हाच्या भानगडीत न पडता 'फ्रॉम द पॉइंट ऑफ व्ह्यू ऑफ' लिहून पुढे कर्ता द्यावा.

वस्तुस्थितीला हे शब्द जोडू नयेत. सिंहस्थ कुंभमेळा नाशिक-त्र्यंबकेश्वरला साधारण १२ वर्षांनी भरतो. यात कोणाच्या दृष्टिकोनाचा प्रश्नच नाही. गोदाघाटावरची गर्दी भाविकाला कशी वाटते आणि तिथल्या दुकानदाराला कशी, हे सांगताना मात्र तो येतो. 'फ्रॉम माय पॉइंट ऑफ व्ह्यू, आय थिंक' ही द्विरुक्ती आहे. त्यातले 'आय थिंक' काढावे.

अनेकवचन 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू', 'पॉइंट ऑफ व्ह्यूज' नव्हे. नामाआधी विशेषणासारखे आल्यास, उदाहरणार्थ 'पॉइंट-ऑफ-व्ह्यू शॉट', तिन्ही शब्द संयोगचिन्हाने जोडतात. डोंगरावरच्या पाटीवरचा 'व्ह्यू पॉइंट' म्हणजे देखावा पाहण्याची जागा; 'व्ह्यूपॉइंट' असा एकच शब्द लिहिल्यास जागा आणि मत हे दोन्ही अर्थ होतात.