कमिशन नाही म्हणजे फुकट नव्हे: रिक्षाच्या अ‍ॅपचे दोन हिशेब

बंगळूरमध्ये अ‍ॅपवरून रिक्षा बोलावणाऱ्या प्रवाशाला सगळी अ‍ॅप सारखीच वाटतात. भाड्याचा आकडा दिसतो, रिक्षा येते, चालक ओटीपी विचारतो. त्यामुळे ‘झिरो कमिशन’ अशी जाहिरात वाचली की प्रवाशाला वाटते भाडे कमी होणार आणि चालकाला वाटते आपल्याला काहीच द्यावे लागणार नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

कमिशनच्या पद्धतीत कंपनी प्रत्येक फेरीच्या भाड्यातून ठरावीक टक्के कापून घेते, आणि भाडेही बहुधा तीच ठरवते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बंगळूरमध्ये जो असंतोष उसळला तो यातूनच: पहिल्या दोन किलोमीटरचे सरकारी भाडे ३० रुपये असताना अ‍ॅपवर त्याच अंतरासाठी १०० रुपये लागत असल्याच्या तक्रारी होत्या, आणि ही वाढ पूर्णपणे चालकाच्या खिशात जात नव्हती. पुढच्याच महिन्यात जसपे या कंपनीने तिथल्या रिक्षाचालकांच्या संघटनेला सोबत घेऊन ‘नम्म यात्री’ सुरू केले. कन्नडमध्ये ‘नम्म’ म्हणजे आपला.

या अ‍ॅपने आधी काहीच घेतले नाही. २०२३ मध्ये वर्गणी लावली. दिवसाला २५ रुपये भरून हव्या तेवढ्या फेऱ्या करा, किंवा फेरीमागे साडेतीन रुपये द्या आणि दिवसातल्या दहा फेऱ्यांनंतर काहीच देऊ नका. आता चालकाच्या जागी बसून हिशेब करू. दिवसभरात १,००० रुपयांचा धंदा झाला आणि कमिशन २० टक्के धरले, तर २०० रुपये जातात, वर्गणीत २५. पण रिक्षा दुपारी गॅरेजमध्ये गेली आणि दोनच फेऱ्यांत १६० रुपये मिळाले, तर त्याच २५ रुपयांचा वाटा पंधरा टक्क्यांच्या वर जातो. फेरीमागचा पर्याय घेतलेला असेल तर मात्र सातच रुपये जातात. मला वाटते, या योजनेतली सर्वांत विचारपूर्वक ठेवलेली गोष्ट हा दुसरा पर्यायच आहे.

प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर भाडे सरकारी दराला धरून राहिले, पण त्यावर सुरुवातीला १० रुपये पिकअपचे, आणि चालकाने मागितल्यास ३० रुपयांपर्यंत वाढीव अशी सोय होती. म्हणजे जादा पैसे देणे पूर्णपणे थांबले नाही, फक्त ते थेट चालकाच्या हाती येऊ लागले.

कमिशन घेणाऱ्या आणि वर्गणी घेणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या कंपन्या वाढतात तेव्हा फरक अधिक ठळक होतो. कमिशन घेणाऱ्या कंपनीची कमाई भाड्याबरोबर वाढते, म्हणून भाडे चढे राहण्यात तिचे हित असते. वर्गणी घेणारीची कमाई चालकांच्या संख्येवर आणि ते किती दिवस रस्त्यावर असतात यावर अवलंबून असते. त्यामुळे नवे चालक जोडत राहण्याची तिला ओढ असते, आणि तेवढ्या प्रमाणात प्रवासी वाढले नाहीत तर जुन्या चालकाच्या फेऱ्या घटतात. या दुसऱ्या धोक्याबद्दल फार कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते. जसपेपासून वेगळ्या झालेल्या आणि ‘नम्म यात्री’ चालवणाऱ्या मूव्हिंग टेक कंपनीने २०२४ मध्ये ब्लूम व अँटलर या गुंतवणूक कंपन्या आणि गूगल यांच्याकडून १.१ कोटी डॉलर उभारले, तेव्हा वाढीचा तगादा तिच्याही मागे लागणारच.

कराचा घोळ वेगळाच आहे. अ‍ॅपमार्फत केलेल्या रिक्षाप्रवासावरचा पाच टक्के जीएसटी कंपनीने भरायचा असतो. जसपे फक्त चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देते, म्हणून तिच्यावर ही जबाबदारी येत नाही, असा निर्णय कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने, म्हणजे कराबाबतच्या शंकांवर आधीच निर्णय देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, २०२३ मध्ये दिला. २०२४ मध्ये उबरच्या वर्गणी योजनेबाबत मात्र उलट निर्णय दिला.

तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत उबरने रिक्षांसाठी आणि जूनमध्ये ओलाने सर्व वाहनांसाठी वर्गणीचाच मार्ग धरला. प्रवाशासाठी याचा अर्थ इतकाच की भाडे तो थेट चालकाला देतो; त्यामुळे भाड्यावरून वाद झाला तर, कंपनीच्या खात्यात ती रक्कम गेलेलीच नसल्याने, परतावा मिळणे अवघड होते.