बिझनेस स्कूलची आयटी वेगळी का झाली: थोडी पार्श्वभूमी

कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलमध्ये आयटीच्या पुढच्या तीन-चार वर्षांचं प्लॅनिंग सुरू झालं की थोड्याच वेळात गाडी एका जागी अडते, हे आपण करायचं का सेंट्रल आयटीने (म्हणजे अख्ख्या युनिव्हर्सिटीच्या आयटी विभागाने)? क्लाउड, एआय, सिक्युरिटीच्या स्लाइड्स नंतर येतात, खरी ओढाताण इथेच असते. आणि हा वाद काही आजचा नाहीये, चांगला साठ-सत्तर वर्षांचा आहे.

गंमत म्हणजे काही ठिकाणी कॉम्प्युटर आधी बिझनेस स्कूलमध्येच आला. अमेरिकेतल्या कार्नेगी टेकमध्ये (आताची कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी) १९५६ साली आयबीएम ६५० हे कॉम्प्युटर मशीन आलं ते तिथल्या मॅनेजमेंट स्कूलच्या बिल्डिंगच्या तळघरात, कारण प्रोफेसर हर्बर्ट सायमन तिथेच होते आणि त्यांना माणूस निर्णय कसा घेतो हे मशीनवर तपासायचं होतं (पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलएच्या बिझनेस स्कूलला आयबीएमने वेस्टर्न डेटा प्रोसेसिंग सेंटर हे कॉम्प्युटर सेंटर काढून दिलं, आणि आसपासची कॉलेजंही ते वापरायची. साठच्या दशकात मात्र मशीन मोठी झाली, महाग झाली, मग कॉम्प्युटर सेंटर अख्ख्या युनिव्हर्सिटीचं झालं आणि बिझनेसवाले बाकीच्यांसारखेच पंच कार्डांचा (भोकं पाडून प्रोग्रॅम लिहिलेल्या कार्डांचा) गठ्ठा घेऊन काउंटरवर उभे. गठ्ठा द्यायचा, तासांनी प्रिंटआउट घ्यायला यायचं, एक स्वल्पविराम चुकला असेल तर परत रांगेत.

पण बिझनेस स्कूलची गरज नुसती मशीनची नव्हतीच, डेटाची होती, आणि हे प्लॅन लिहिणारे सगळ्यात जास्त विसरतात. शिकागो युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलचं उदाहरण बघा. मेरिल लिंच या ब्रोकरेज कंपनीला जाहिरातीत सांगायचं होतं की शेअरमध्ये पैसे टाकणं फायद्याचं आहे, पण तसं म्हणायला आधार काय? त्यांनी तिथले प्रोफेसर जेम्स लोरी यांना विचारलं, तर आकडे कोणाकडेच नाहीत. मग कंपनीच्याच पैशातून १९६० मध्ये सीआरएसपी हे शेअरच्या भावांवर संशोधन करणारं सेंटर उभं राहिलं, आणि लोरी आणि लॉरेन्स फिशर यांनी १९२६ पासूनचे न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचे महिन्या-महिन्याचे भाव, डिव्हिडंड, स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं), बंद पडलेल्या कंपन्या, सगळं गोळा करून, तपासून मॅग्नेटिक टेपवर चढवलं. काही वर्षं गेली त्यात. निकाल आला १९६४ मध्ये: डिव्हिडंड परत गुंतवला, टॅक्स धरला नाही तर वर्षाला साधारण ९ टक्के परतावा. फायनान्सचं किती संशोधन पुढे या टेपवर उभं राहिलं याला हिशेब नाही. आता असा डेटा सांभाळायला फायनान्स कळणारा माणूस लागतो, ते काम सेंट्रल आयटीच्या हेल्पडेस्कवर तिकीट टाकून होत नाही. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या व्हार्टन बिझनेस स्कूलने १९९३ मध्ये डब्ल्यूआरडीएस ही संशोधनाचा डेटा एका जागी देणारी सेवा काढली तेही यातूनच, आधी स्वतःच्या प्रोफेसरांसाठी, आणि नंतर इतर स्कूल्स त्याचे पैसे भरून सभासद झाले.

मधल्या काळात आयटीचं प्लॅनिंग हाच बिझनेस स्कूलचा विषय झाला. मिनेसोटा युनिव्हर्सिटीत १९६८ ला एमआयएसचं (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे कंपनी चालवायला लागणाऱ्या माहितीच्या सिस्टिम) रिसर्च सेंटर निघालं, हार्वर्डचे रिचर्ड नोलन कंपन्यांमधलं कॉम्प्युटिंग टप्प्याटप्प्याने कसं वाढतं हे मांडायला लागले, एमआयटीच्या जॉन रॉकार्टनी १९७९ मध्ये सांगितलं की आधी मोजके कळीचे मुद्दे ठरवा, मग सिस्टिम बांधा. जगाला हे शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या स्कूलमध्ये मात्र बऱ्याचदा दिव्याखाली अंधार, कुठला सर्व्हर कोणाचा हेसुद्धा कोणाला धड सांगता यायचं नाही.

खरी फाटाफूट पीसीने केली. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला एमबीए करत होते, केसमधला (वर्गात सोडवायला दिलेल्या कंपनीच्या उदाहरणातला) एक आकडा बदलला की सगळी बेरीज-वजाबाकी परत, त्यातून १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे पीसीवरचं स्प्रेडशीट आलं. मग १९८१ मध्ये आयबीएम पीसी, १९८३ मध्ये लोटस १-२-३ हे दुसरं स्प्रेडशीट, आणि स्प्रेडशीटशिवाय वर्ग चालेनासा झाला. युनिव्हर्सिटीच्या मेनफ्रेमवाल्यांना (मोठी मध्यवर्ती मशीन सांभाळणाऱ्यांना) यात रस नव्हता, आणि बिझनेस स्कूलकडे एमबीएच्या फीचे, एक्झिक्युटिव्ह प्रोग्रामचे पैसे होते, त्यामुळे डीननी आपली लॅब, आपली माणसं, पुढे आपलं ईमेल, आपली वेबसाइट, आपलं सगळंच उभं केलं. माझ्या मते वेगळी आयटी झाली ती धोरण म्हणून कमी आणि पैसा हातात होता म्हणून जास्त.

नंतर काटा उलटा फिरला. २००६ मध्ये गुगलने कॉलेजांना फुकट ईमेल द्यायला सुरुवात केली, मग स्वतःचा मेल सर्व्हर कशाला ठेवायचा याला उत्तरच उरलं नाही. एलएमएस (कोर्सचं साहित्य आणि असाइनमेंट ठेवायची सिस्टिम), वाय-फाय, लॉगिन, सिक्युरिटी एकेक करून सेंट्रलकडे गेलं, काही ठिकाणी माणसंही गेली. २०२० मध्ये कोविडमुळे वर्ग ऑनलाइन झाले, मग काही पोरं वर्गात आणि काही घरी असं झालं, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची क्लासरूम टीम उरली होती त्यांची बाजू परत जड झाली, कारण केस मेथडच्या, म्हणजे केसवर सगळ्यांनी चर्चा करायच्या वर्गात मागच्या रांगेतला पोरगा काय बोलला ते घरी बसलेल्याला ऐकू आलं नाही तर वर्गच होत नाही, आणि त्या माइकच्या भानगडीत पडायला सेंट्रल आयटीला सवड कुठे.

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि जुना मुद्दा नव्या रूपात टेबलावर. एआयचं टूल युनिव्हर्सिटी घेणार, त्याचे नियम युनिव्हर्सिटी करणार, पण प्रोफेसरला त्यात जो मार्केट डेटा टाकायचाय त्याचा डेटा कंपनीबरोबरचा करार अनेकदा बिझनेस स्कूलच्या नावावर असतो, आणि तो डेटा असा बाहेरच्या मॉडेलला द्यायला चालतो का हे त्या करारातच शोधावं लागतं. सध्याच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये तो करार काढून वाचलेला माणूस बहुतेक वेळा नसतोच.