रेडिओचा निम्मा अँटेना मातीत असतो

परभणी आकाशवाणी म्हटलं की १३०५ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना अजून तोंडपाठ असतो. मनोरा किती उंच हवा, हेही याच आकड्यावरून ठरतं. रेडिओलहर सेकंदाला ३० कोटी मीटर जाते. १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार लहरी, म्हणून त्या अंतराला १३ लाख ५ हजारांनी भागलं की एका लहरीची लांबी निघते, सुमारे २३० मीटर. मीडियम वेव्हचा साधा अँटेना या लांबीच्या पाव हिश्शाचा धरतात, म्हणजे ५७ मीटरच्या आसपास. एवढा उंच मनोरा उभारायचाच, तर त्याच्यावर पुन्हा वेगळा अँटेना कशाला? त्या मनोऱ्याचं लोखंड हाच अँटेना.

म्हणून असा मनोरा सहसा थेट जमिनीवर टेकवत नाहीत. सगळा भार चिनीमातीच्या, वीज अडवणाऱ्या इन्सुलेटरवर असतो. ताणाच्या तारांमध्येही ठिकठिकाणी इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडलेले असतात, नाहीतर त्याही लहरी ओढून घेतील. पायथ्याशी धातूचे दोन गोळे समोरासमोर, मध्ये थोडी फट ठेवून बसवतात. वळवाच्या पावसात वीज मनोऱ्यावर पडली, की ती या फटीतून ठिणगी मारून जमिनीत उतरते आणि इन्सुलेटर, यंत्रं वाचतात. भोवतीचं कुंपणही शोभेचं नाही. प्रक्षेपण चालू असताना जमिनीवर उभं राहून मनोऱ्याला हात लावला, तर चांगलंच भाजतं.

हा झाला वरचा भाग. खरी गंमत खाली आहे. मनोऱ्यात चढणाऱ्या विद्युतप्रवाहाला परतीची वाट लागते आणि ती जमिनीतून जाते. माती कोरडी, खडकाळ असेल तर बरीचशी शक्ती तिथेच उष्णता होऊन वाया जाते. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या अभियंत्यांनी पायथ्यापासून चहूकडे तारा पुरून मोजमापं घेतली. त्यातून १२० तारांचा, म्हणजे दर तीन अंशांना एक तार, असा प्रघात पडला. तांब्याच्या या तारा वीतभर खोल गाडलेल्या असतात. वरून पाहणाऱ्याला दिसतं ते नुसतं मोकळं रान, आणि केंद्राला एवढी जागा कशाला, असं वाटतं.

तारांच्या पलीकडे मात्र कारभार मातीच्या हातात. गोदावरीकाठची खोल काळी माती ओल धरून ठेवते, तिच्यात क्षार आणि चिकणमाती भरपूर, त्यामुळे ती वीज बऱ्यापैकी वाहून नेते. बालाघाटावरची उथळ, मुरमाड जमीन याबाबतीत गरीबच. जमिनीला चिकटून जाणारी लहर अशा जमिनीवरून जाताना लवकर क्षीण होते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात खऱ्या, पण चांगल्या जमिनीत हा प्रवाह काही मीटर खोलवर पसरलेला असतो आणि तिथली ओल सहसा टिकून असते. तरीही मातीची ओल बदलली की मनोऱ्याचा विद्युत स्वभाव थोडा बदलतो. पायथ्याजवळच्या खोलीतल्या कॉइल आणि कंडेन्सर जुळवून घेतले नाहीत, तर शक्तीचा काही भाग ट्रान्समीटरकडे उलटा फिरतो.

यातलं थोडं घरीही पडताळता येतं. मीडियम वेव्ह लावून ट्रान्झिस्टर आडवाच ठेवून सावकाश गोल फिरवा. आवाज एका दिशेला भरतो, तिथून काटकोनात फिरवला की पडतो. आत फेराइट या चुंबकी पदार्थाची कांडी असते, तोच ट्रान्झिस्टरचा मीडियम वेव्हचा अँटेना. तिचं टोक केंद्राकडे वळलं की तिला लहर जवळजवळ सापडतच नाही.

एफएमचं गणित निराळं. १०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३ मीटरची, अँटेना माणसाच्या उंचीचा. मनोरा फक्त त्याला वर उचलून धरायला, म्हणून तो जमिनीवर बिनधास्त रोवतात. इथे मातीपेक्षा उंची महत्त्वाची. सपाटीवर १०० मीटरवरचा अँटेना ढोबळमानाने ४० किलोमीटरवरच्या क्षितिजापर्यंत पोचतो. ते अंतर दुप्पट करायला उंची चौपट लागते. मध्ये डोंगर आला की त्याच्या आडचं गाव बहुतेक कोरडंच राहतं. मीडियम वेव्हची लांब लहर तोच डोंगर बऱ्यापैकी वळसा घालून ओलांडते, म्हणून घाटाखालच्या वस्तीत एफएमवर नुसती खरखर असताना बटण मीडियम वेव्हवर सरकवलं की कधीकधी बातम्या स्पष्ट लागतात.