प्रिंटचा रंग मिठाने पक्का होत नाही

नवीन प्रिंटेड कुर्ता आणला की आधी मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो, हे घरोघरी सांगतात. पिगमेंट प्रिंटला, म्हणजे रंगाची बारीक पूड कापडावर चिकटवून केलेल्या छपाईला, हे लागूच होत नाही हो. पिगमेंट पाण्यात विरघळत नाही, धाग्यात शिरत नाही, नुसता वर बसतो आणि त्याला धरून ठेवतो तो बाइंडर, म्हणजे चिकटवणारा पदार्थ, बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक. कापड साधारण 150 अंश सेल्सिअसला 3 ते 5 मिनिटं तापवलं की त्याची पातळ, घट्ट फिल्म तयार होते. हे तापवून पक्कं करणं, म्हणजे क्युरिंगच, कच्चं राहिलं असेल तर मीठ काय करणार? मीठ लागतं ते सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह डाय (धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जाणारा रंग) चढवताना, तेही रंगवतानाच. त्यापेक्षा कुर्ता उलटा करून धुवा आणि प्रिंटवर ब्रश अजिबात मारू नका, घासलं की ती फिल्मच झिजते.