गाईडेड आणि सेल्फ-गाईडेड: आयर्लंडच्या वॉकिंग हॉलिडेमधले हे दोन प्रकार एकच समजू नका

आयर्लंडमध्ये आठवडाभर चालायला जायचंय म्हणून नेटवर शोधायला बसलं की केरी, डिंगल, कॉनेमारा, डोनेगल अशी नावं येतात आणि फोटो सगळीकडे सारखेच, हिरवा डोंगर, खाली समुद्र, पाठीवर छोटी सॅक घेतलेले चार-पाच लोक. पॅकेजमध्येही जवळपास तेच लिहिलेलं असतं, बी-अँड-बी म्हणजे घरगुती लॉजमध्ये मुक्काम, सकाळचा नाश्ता, मोठी बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणार, नकाशा आणि रूटची माहिती देणार. फक्त एका ठिकाणी गाईडेड लिहिलंय आणि दुसऱ्या ठिकाणी सेल्फ-गाईडेड, आणि दुसरं बऱ्यापैकी स्वस्त आहे. मग बरेच जण धरून चालतात की ट्रिप तीच आहे, थोड्या सोयी कमी असतील, आणि स्वस्तातलं घेऊन मोकळे होतात. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की ही एकाच ट्रिपची दोन रेट कार्डं नाहीयेत. दोन्हींमध्ये तुम्ही चालता ती जमीनच बरेचदा वेगळी असते, म्हणून निवड पैशावर करायच्या आधी कुठे चालणार ते बघा.

आधी साधा फरक. गाईडेडमध्ये एक लीडर सकाळी तुमच्याबरोबर निघतो आणि संध्याकाळी तुमच्याबरोबरच परत येतो, ग्रुप साधारण आठ-दहा ते पंधरा-सोळा जणांचा, वेग सगळ्यांना जमेल असा ठेवतात. सेल्फ-गाईडेडमध्ये कंपनी खोल्या बुक करते, बॅगा हलवते, नकाशा किंवा फोनवर ट्रॅक देते आणि अडचण आली तर फोन करायला नंबर देते, पण चालताना बरोबर कोणीही नसतं. गोंधळ होतो तो पहिल्या संध्याकाळी, कारण काही सेल्फ-गाईडेड ट्रिपमध्येही कंपनीचा माणूस हॉटेलवर येतो, नकाशा उघडून रूट समजावतो, काय काळजी घ्यायची ते सांगतो, आणि लोकांना वाटतं हाच आपला गाईड. तो दुसऱ्या दिवशी नसतो.

आता जमिनीचं बघू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. आयर्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, त्यांना वेमार्क्ड वे म्हणतात. सगळ्यात पहिली विकलो वे, १९८० मध्ये सुरू झाली, डब्लिनच्या मार्ले पार्कपासून दक्षिणेला जाते, जे. बी. मलोन या माणसाने त्यासाठी कित्येक वर्षं लिहून-बोलून पाठपुरावा केला होता. केरी वे साधारण २१४ किमी, किलार्नीतून निघून आयव्हराग द्वीपकल्पाला वळसा घालून परत किलार्नीत. डिंगल वे ट्रलीपासून निघून ट्रलीलाच परत. या सगळ्या वाटांवर काळ्या खांबांवर पिवळा चालणारा माणूस आणि बाण असतो, वळण आलं की खांब दिसतो, कुंपण आलं की ओलांडायला पायऱ्या केलेल्या असतात, आणि रोजचा टप्पा कुठल्यातरी गावात संपतो. ज्याला नकाशा वाचता येतो आणि दिवसाला वीसेक किमी चालायची सवय आहे त्याला इथे सेल्फ-गाईडेड एकदम मस्त जमतं, हवं तिथे थांबा, हवं तेवढा वेळ बसा, कोणाची घाई नाही.

पण याच केरीमधला करानटूहिल घ्या. आयर्लंडचा सगळ्यात उंच डोंगर, १,०३९ मीटर, मॅकगिलीकडीज रीक्स नावाच्या रांगेत. आपल्याकडचे लोक आकडा बघतात आणि म्हणतात अरे कळसूबाई १,६४६ आहे, हा तर सहाशे मीटरने कमी, यात काय. पण कळसूबाईला शिड्या आहेत, रेलिंग आहे, पुढे-मागे माणसं आहेत. इथे पिवळा माणूस खालीच राहतो, वर ना बाण ना रेलिंग. क्रोनिन्स यार्डमधून निघालं की हॅग्ज ग्लेन या दरीतून वाट दोन तळ्यांच्या मधून आत जाते, तोपर्यंत सगळं सोपं, आणि मग समोर डेव्हिल्स लॅडर उभी राहते. सह्याद्रीत फिरणाऱ्याला एका वाक्यात सांगायचं तर ती घसाऱ्याने भरलेली नाळ, म्हणजे उभी अरुंद घळ आहे. इतके पाय पडलेत की माती निघून गेली, सुटे दगड राहिलेत, त्यातून पाणी झिरपत असतं आणि वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याकडे येतो. चढताना कसंही जमून जातं, दमलेल्या पायांनी ओल्या दगडांवरून उतरताना त्रास होतो, म्हणून बरेच लीडर उतरायला बाजूची झिग-झॅग्ज नावाची वाट घेतात, लांब पडते पण पाय टिकतो. हे नकाशावर बघून सुचेलच असं नाही.

आणि वर ढग. अटलांटिकवरून येणारी सगळी ओली हवा पहिल्यांदा या डोंगरांना धडकते, त्यामुळे खाली ऊन असताना माथ्यावर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही असं नेहमी होतं. माथ्यावर मोठा लोखंडी क्रॉस आहे, तिथपर्यंत लोक पोचतात, फोटो काढतात, आणि परत फिरताना दिशा थोडी जरी चुकली तरी कड्याच्या तोंडाशी जातात. डेव्हिल्स लॅडरच्या खिंडीकडे जायला माथ्यावरून आग्नेयेला उतरावं लागतं, ढगात तिथे होकायंत्राशिवाय अंदाजाने चालणं म्हणजे जीवाशी खेळ. केरी माउंटन रेस्क्यूचे लोक स्वयंसेवक आहेत, ११२ किंवा ९९९ ला फोन करून माउंटन रेस्क्यू मागितलं की येतात, पण त्यांना तिथपर्यंत चालत यायला काही तास लागतात आणि तोवर तुम्ही वाऱ्यात भिजत बसलेले असता. इथे गाईड घ्याच असं मी ठामपणे म्हणेन, नाईट ट्रेक करणारे, शंभर किल्ले केलेले, सगळ्यांनाच. गाईडकडे माउंटन लीडरचं सर्टिफिकेट आहे का ते विचारा.

आता असं नाही की खुणांची वाट म्हणजे कायम सोपी. डिंगल वेवर क्लोहानहून पलीकडे जाताना वाट माउंट ब्रँडनच्या उत्तरेकडच्या खांद्यावरून जाते, जवळजवळ समुद्रसपाटीपासून थेट सहाशे मीटरच्या वर चढते, आणि तो दिवस ढगाळ निघाला तर सेल्फ-गाईडेड माणसापुढे मोठा प्रश्न येतो, कारण पुढच्या गावातली खोली बुक आहे आणि बॅग सकाळीच गाडीतून गेलीये. इथेच दोन्ही प्रकारांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक दिसतो. गाईडेड ट्रिप बहुतेक वेळा एक-दोन गावांत मुक्काम ठोकून असते, किलार्नी, डिंगल वगैरे, आणि रोज मिनीबसने वेगवेगळ्या ठिकाणी नेतात, त्यामुळे रीक्सवर ढग बसला तर लीडर नाश्त्यालाच सांगतो की आज डोंगर नको, डिंगलच्या टोकाला डनक्विनकडे जाऊ, ब्लास्केट बेटं समोर ठेवून कड्यावरून चालू, डोंगर परवा बघू. सेल्फ-गाईडेडमध्ये दिवसांची साखळी आधीच बांधलेली असते, ती मधेच बदलणं अवघड. फार तर फोन करून टॅक्सी मागवायची आणि तो टप्पा सोडून द्यायचा, आणि खरंच सांगतो, सोडून द्या, त्यात काही कमीपणा नाही.

उलट बाजूने, मिनीबसच्या ट्रिपमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपण चाललो हे समाधान मिळत नाही. तुकडे मिळतात, चांगले निवडलेले, पण तुकडेच. केरी वेवर डांबरी रस्त्याचे कंटाळवाणे भाग आहेत आणि लीडर ते गाडीने पार करतो, पण तेच भाग पायी तुडवून संध्याकाळी केन्मेअरच्या पहिल्या घरापाशी पोचण्यात जे आहे ते आहे.

गाईड म्हणजे नुसता वाटाड्या, असंही समजू नका. केरीच्या उतारांवर, जिथे आता मैलभर घर नाही, तिथे गवताखाली समांतर वरंबे दिसतात, तिरपं ऊन पडलं की जास्तच स्पष्ट. एकट्याने चालताना आपण ते जमिनीचा आकार म्हणून सोडून देतो. ते बटाट्याचे वाफे आहेत, १८४५ ला सुरू झालेल्या मोठ्या दुष्काळाच्या आधी डोंगरात इतक्या वरपर्यंत माणसं शेती करत होती, मग बटाट्यावर रोग पडला, माणसं मेली, उरलेली देश सोडून गेली आणि वरंबे तसेच राहिले. हे कोणी तिथे उभं राहून दाखवलं की पुढचा सगळा दिवस डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. किंवा मे-जूनमध्ये पाणथळ जागी बटरवर्ट या किडे खाणाऱ्या वनस्पतीचं जांभळं फूल, खाली पिवळट हिरव्या पानांचा चपटा चांदणीसारखा गुच्छ, पानाला बोट लावलं तर चिकट आणि त्यावर बारीक चिलटं अडकलेली, कासच्या पठारावर दवबिंदू ही अशीच किडे खाणारी वनस्पती वाकून बघणाऱ्यांनी हे अजिबात चुकवू नये.

अजून एक गोष्ट जी पॅकेजच्या माहितीत क्वचितच येते, ती म्हणजे जमिनीची मालकी. स्कॉटलंडमध्ये माळरानावर कुठूनही चालायचा कायदेशीर हक्क आहे, आयर्लंडमध्ये तसा नाही. रीक्सचे डोंगर खाजगी मालकीचे आहेत, केरी वेचे कितीतरी भाग शेतकऱ्यांच्या रानातून जातात आणि त्यांनी परवानगी दिली म्हणून आपण चालतो. २००१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत चालण्याच्या वाटा बंद करण्यात आल्या होत्या. क्लिफ्स ऑफ मोहरच्या कड्यावरच्या वाटेचेही मोठे भाग २०२४ मध्ये अपघातांनंतर बंद केले गेले, त्यामुळे जुना ब्लॉग वाचून तिथे जाऊ नका, निघायच्या आदल्या आठवड्यात काय उघडं आहे ते बघा. गाईडला हे माहीत असतं, कुठल्या शेतकऱ्याला विचारायचं तेही माहीत असतं. सेल्फ-गाईडेड असाल तर खुणांची वाट सोडू नका, फाटक जसं होतं तसं लावा, मेंढ्यांच्या मधून घुसू नका.

एकटे जाणार असाल तर सेल्फ-गाईडेडच्या बऱ्याच कंपन्या किमान दोन माणसं मागतात, हे आधीच विचारा. व्हिसाचंही पटकन सांगतो, भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, आणि जायंट्स कॉजवे किंवा मोर्न डोंगर ट्रिपमध्ये असतील तर ते नॉर्दर्न आयर्लंडमध्ये येतात, म्हणजे यूकेमध्ये. सीमेवर कोणी अडवत नाही म्हणून परवानगी लागत नाही असं नसतं, त्यामुळे रूट ठरल्यावर दोन्हीकडचं बघून घ्या.

मला विचाराल तर दोन्ही मिसळा. केरी वेचे चार-पाच टप्पे सेल्फ-गाईडेड घ्या, दुपारच्या जेवणाचं सँडविच आदल्या रात्रीच बी-अँड-बीमध्ये सांगून ठेवा कारण ब्लॅक व्हॅलीसारख्या टप्प्यांवर वाटेत काही मिळेल या भरवशावर राहता येत नाही, आणि करानटूहिलसाठी फक्त एका दिवसाचा गाईड वेगळा घ्या, किलार्नीच्या आसपास असे गाईड मिळतात. बुक करताना एवढंच विचारा की हवा बिघडली तर दुसऱ्या दिवशी नेणार का. मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे वेळेची ओढाताण होत नाही. आणि केरी वे संपतेच किलार्नीत, तेव्हा शेवटी तिथे दोन रात्री ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी ढग बसला तरी डोंगराला आणखी एक सकाळ हातात राहते.