ग्राउंड मारलं की भरती पक्की?

‘ग्राउंडला ५० पैकी ५० पडले की पोलीस शिपाई म्हणून निवड पक्की, लेखी नावापुरती’ असा मेसेज भरती आली की फिरतो. महाराष्ट्रातल्या शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मैदानात निम्मे गुण लागतातच, आणि प्रवर्गानुसार वरच्या उमेदवारांनाच लेखीला बोलावतात. त्यामुळे असा समज होणं साहजिक आहे. पण अंतिम यादी दोन्हींच्या बेरजेवर लागते. मैदानात ५०, लेखीत ५५ म्हणजे १०५. मैदानात ४०, लेखीत ७५ म्हणजे ११५. दुसरा पुढे. आणि लेखीत ४० टक्क्यांखाली गेलात, तर गोळा कितीही लांब फेकलेला असो, बाद! खात्रीसाठी जाहिरातीतली निवडपद्धत वाचा आणि मागच्या भरतीची गुणयादी शेजारी ठेवून बेरीज करून पाहा.